सोळावं अक्षर

गेल्या शनिवारी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स आणि सांबा टाकलं, आजोबांची स्कॅन केलेली पत्रं त्यावर ठेवली आणि मशीनला मोठ्या प्रेमाने नाव दिलं : 'आजोबांचे-कपाट' (अर्थात रोमन लिपीत). बाबांच्या विंडोज लॅपटॉपवर हे नाव टाकलं तर मशीन सापडेना. आयपी पत्ता टाकला की मात्र लगेच उघडतंय! तोवर बाबांना वाटलं, आपल्याच हातून पत्रं उडाली.

पत्त्याने उघडतं आणि नावाने नाही, म्हणजे वायर, पासवर्ड सगळं ठीक. घोळ नावात. आणि या नावांचा इतिहास मोठा गमतीदार आहे, मंडळी.

अर्पानेटच्या काळात सगळ्या मशीनची नावं एकाच फाइलमध्ये असत. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं मशीन आलं की त्यांना कळवायचं, बाकीच्यांनी नवी फाइल उतरवून घ्यायची. पसारा वाढला तसं हे जमेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं. आपल्या मशीनवरची होस्ट्स फाइल ही त्या जुन्या वहीचीच वंशज.

त्याच सुमारास सायटेक कंपनीने आयबीएमच्या पीसी नेटवर्कसाठी नेटबायॉस बनवलं. ऑफिसातल्या मूठभर पीसींसाठी वही कोण ठेवणार? मग साधी युक्ती : चाळीच्या चौकात उभं राहून हाक मारायची, "अमुक कोण रे?" ज्याचं नाव, तो ओ देईल. नावाला जागा १६ बाइट. पुढे मायक्रोसॉफ्टने त्यातला सोळावा बाइट सेवेचा प्रकार सांगायला राखून ठेवला. नावाला उरली १५ अक्षरं. १९८७ च्या आरएफसी १००१ आणि १००२ ने ही हाक टीसीपी/आयपीवर आणली. अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या सांबालाही विंडोजशी बोलायचं तर हाच नियम पाळणं भाग होतं.

आता मोजा. रोमनमध्ये आमचं नाव भरतं बरोब्बर १६ अक्षरं! सांबाने शेवटचा 'टी' गुपचूप छाटला. लॅपटॉप शोधतोय पूर्ण नाव, आणि मशीन बसलंय 'कपा'पर्यंतच्या नावाला ओ द्यायला.

नाव नुसतं 'कपाट' केलं, सांबा परत सुरू केलं, उघडलं. शिवाय अवाही टाकलं, म्हणजे नावापुढे '.लोकल' लावूनही चालतं. हे मल्टिकास्ट डीएनएस, २०१३ चं आरएफसी ६७६२. तीही हाकच, फक्त नावाला ६३ बाइट मिळतात.

हाकेत एक धोका आहेच : भलताही ओ देऊ शकतो. घरात चालतं, कॅफेच्या वायफायवर फाइल शेअरिंग बंदच ठेवा. आणि कधी अडलात तर आधी पत्ता टाकून बघा, मग नाव, मग अक्षरं मोजा.

असो. बाबा आता आत बसून पत्रं वाचतायत. चहा दोनदा गार झालाय.