गिटारची नखी आणि कासवाची पाठ



हल्ली आपल्या घरातली मुलंमुली गिटार शिकू लागली आहेत. गिटारसोबत घरात येतो एक शंकरपाळ्याएवढा, तिकोनी प्लास्टिकचा तुकडा. त्याला ‘पिक’ म्हणतात. शेतातलं पीक नव्हे बरं का! सतारीला जशी नखी, तशी ही गिटारची नखी. कधी पलंगाखाली हरवते, कधी धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या खिशात सापडते. पण या एवढ्याशा तुकड्याच्या इतिहासात समुद्रातल्या एका मुक्या जिवाची गोष्ट दडलेली आहे. आज तीच सांगणार आहे.

तार बोटानं छेडली की आवाज मऊ येतो, कडक वस्तूनं छेडली की खणखणीत येतो. हे माणसाला फार पूर्वीच उमगलं. अरबी ऊद वाजवायला गरुडाचं पीस वापरत. तिथे नखीला आजही ‘रीशा’, म्हणजे पीसच म्हणतात. आपल्या सतारीची नखी पोलादी तारेची, तर्जनीत घालायची. सरोदचा जवा नारळाच्या करवंटीचा. जे हाताशी, तेच तारेशी.

युरोप-अमेरिकेत मात्र एक वस्तू सर्वांत उत्तम ठरली. ती म्हणजे कासवाची पाठ. उष्ण समुद्रांत हॉक्सबिल नावाचं कासव राहतं. त्याचं तोंड ससाण्याच्या चोचीसारखं असतं. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमानच्या समुद्रातही ते आहे. त्याच्या पाठीवरचे मधाच्या रंगाचे, तपकिरी नक्षीचे खवले गरम केले की वाकतात आणि घासले की चमकतात. त्यांचे कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, डब्या बनत. हा व्यापार फार जुना. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भारतीय बंदरांवरच्या मालातही या खवल्यांचं नाव आहे.

19व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मँडोलिनची मोठी हौस पसरली, पुढे गिटारची. वादकांनी याच खवल्यांच्या नख्या पसंत केल्या. कारण साधं होतं. आपलं नख ज्या केराटिनचं बनतं, त्याच केराटिनचा हा खवला असतो. तारेवर तो फार वाकतही नाही आणि खरखरतही नाही. कासवं मारली जात ती मुख्यतः कंगवे, दागिने आणि शोभेच्या वस्तूंसाठी. नखी हा त्यातला लहानसा वाटा. पण मागणीत तिचीही भर होतीच.

पर्याय आला तो वेगळ्याच वाटेनं. हस्तिदंताच्या बिलियर्डच्या चेंडूंना पर्याय शोधताना जॉन वेस्ली हायट यांनी सेल्युलॉइड तयार केलं आणि 1870 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याचे कंगवे आणि बाहुल्या घरोघर पोहोचल्या. 1922 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’आंद्रिया यांनी सेल्युलॉइडच्या नख्या कापायला सुरुवात केली. नख्या स्वस्त झाल्या. गंमत म्हणजे त्यांवर नक्षी मात्र कासवाच्या पाठीचीच! तरीही खऱ्या खवल्याची नखी हवी असणारे वादक होतेच.

तोवर कासवं झपाट्यानं कमी होत गेली. 1973 मध्ये देशोदेशींचा ‘साइट्स’ करार झाला आणि 1977 पर्यंत जगभरच्या हॉक्सबिलच्या व्यापारावर त्याखाली बंदी आली. जपानमध्ये या खवल्यांपासून केसांत माळायचे दागिने घडवायची जुनी कला होती. तिथली आयात 1992 च्या अखेरीपर्यंत चालू राहिली. आज हे कासव अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. भारतातही त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

1981 मध्ये अमेरिकेतल्या जिम डनलॉप कंपनीनं ‘टॉर्टेक्स’ नावाची प्लास्टिकची नखी काढली. कासवाच्या नखीचा गुण यावा, पण कासव मरू नये, असा तिचा हेतू. जाडी रंगावरून ओळखायची. लाल 0.50 मिलिमीटर, पिवळी 0.73, हिरवी 0.88, निळी 1.0.

मग आपल्या लेकीला कोणती घ्यावी? गाण्यासोबत सगळ्या तारा एकदम छेडायच्या असतील तर पातळ. ती वाकते, तारेवर अडकत नाही. एकेक सूर वेगळा काढायचा असेल तर जाड. ती वाकत नाही, म्हणून हुकूम तारेवर चालतो. नवशिक्यांनी मधली, 0.70 च्या आसपासची घ्यावी. दोन-तीन जाडीच्या आणून वाजवून पाहाव्यात, हात आपोआप सांगतो.

आणि नियम असा कुठलाच नाही. ‘क्वीन’ या बँडचे ब्रायन मे प्लास्टिक सोडून जुन्या सहा पेन्सच्या नाण्यानं वाजवतात. त्यांनी वडिलांबरोबर घरीच बनवलेल्या गिटारवर आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं बसवलेली आहेत. याच बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले होते.

म्हणून मैत्रिणींनो, महागाची, ‘अस्सल कासवाची’ म्हणून कुणी नखी, कंगवा किंवा डबी दाखवली, तर हात मागे घ्या. गोड सुरासाठी आता कुणाची पाठ सोलायची गरज उरलेली नाही.