मिस्त्रीची मजुरी आणि खळ्यावरचं बलुतं



दशलक्षण पर्वाच्या आधी घराची साफसफाई काढली, तेव्हा मागच्या दाराची कडी निखळलेली दिसली. देवघराच्या कपाटाचं एक बिजागरही ढिलं झालं होतं. सुतारदादांना बोलावलं. काम अर्ध्या तासाचं. त्यांनी चारशे रुपये मागितले. मी घासाघीस करून अडीचशेवर आणलं. ते जाताना एवढंच म्हणाले, "ताई, काम अर्ध्या तासाचं, पण यायला-जायला दुसरा अर्धा दिवस गेला की."

त्याच आठवड्यात मंदिरात अभिषेकाची बोली लागली, तेव्हा आमच्या घरून आकडा वाढवताना कुणी क्षणभरही थांबलं नाही. रात्री प्रतिक्रमणाला बसले आणि मधले दीडशे रुपये काही डोक्यातून जाईनात.

आपल्या घरांत एक वाक्य नेहमी ऐकू येतं: "पूर्वी अशा कामांना कुठे पैसे लागायचे?" माझ्या आजेसासूबाईही हेच म्हणायच्या. लातूरकडच्या त्यांच्या गावी सुतार येऊन पाभर दुरुस्त करून जाई, लोहार विळ्याला धार लावून देई, आणि कुणी रुपया मागत नसे. हे खरंच आहे. पण फुकट मात्र नव्हतं. त्याची किंमत कशी चुकती होई, ते आपण बघू.

आपल्या मराठवाड्यात, नांदेड-लातूरच्या खेड्यांत, बलुतेदारी होती. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट अशी बारा बलुती म्हणत, जरी नावांची यादी गावागणिक थोडी बदलत असे. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांवगाडा' या पुस्तकात ही सगळी व्यवस्था बारकाईने लिहून ठेवली आहे. वर्षभर औतं, अवजारं नीट ठेवायची आणि सुगी झाली की खळ्यावर जाऊन धान्य घ्यायचं, अशी रीत. लाकूड, लोखंड शेतकऱ्याचं, हात कारागिराचे. नवी गाडी किंवा नवं घर बांधायचं तर त्याचा हिशेब वेगळा.

रोख पैसा तेव्हा खेड्यात कमीच. त्यातही आपण निजामाच्या राज्यात. इथे हाली शिक्का चाले आणि पलीकडे इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली रुपये दिले की सहा कलदार मिळत. अशा काळात ज्वारीची पायली हाच भरवशाचा पगार.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. भाव ठरवायचा अधिकार कारागिराला नव्हता. "एवढ्यात परवडत नाही" म्हणून काम नाकारायची सोयही नव्हती, कारण काम जातीने ठरलेलं आणि राहायचं त्याच गावात. पीक बुडालं की बलुतंही बुडालं. सुतार-लोहारांना निदान मान होता. महार-मांगांच्या वाट्याला तर राबणूक मोठी आणि मोबदला अपमानाचा. दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं. ज्याला आपण "तेव्हा सगळं आपुलकीने चालायचं" म्हणतो, ते खालच्या पायरीवरून कसं दिसत होतं, ते त्यात कळतं.

मग हे मोडलं कसं? १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राज्यातून मुक्त झाला. पुढे हाली नाणं गेलं, बाजार वाढला. लाकडी नांगराची जागा कारखान्यातल्या लोखंडी नांगराने घेतली, मडक्याची जागा जर्मनच्या भांड्याने. १९७२ च्या दुष्काळात खळीच रिकामी राहिली, तिथे बलुतं कुठून देणार? माणसं खडी फोडायला गेली आणि मजुरी रोख घेऊ लागली. कारागिरांची मुलं शहरात आली, कुणी आयटीआयमध्ये शिकली. आज आपल्या दारात पेटी घेऊन येणारा मिस्त्री स्वतःचा भाव स्वतः सांगतो. आपल्याला तो भाव टोचतो, पण त्याच्या घराण्यात तो सांगू शकणारी ही कदाचित दुसरी किंवा तिसरीच पिढी असेल.

दुरुस्तीची खरी किंमत आपल्या भागाला सगळ्यात कठोरपणे कळली ती १९९३ साली. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आपलं पर्व संपलेलं, गावोगावी गणपतीचं विसर्जन झालेलं. दमून झोपलेल्या माणसांवर ३० तारखेच्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, किल्लारी-सास्तूर भागात घरं कोसळली.

ती घरं कशी होती? जाड दगडी भिंती, पण दगड नुसत्या मातीत बसवलेले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला एकत्र बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवद. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायची तर माळवदावर मातीचा आणखी एक थर टाकायचा, ही दरवर्षीची स्वस्त दुरुस्ती. वर्षानुवर्षं तो भार वाढत गेला आणि त्या पहाटे हजारो जीव त्याखाली गेले. जिथे माळवद लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर नीट पेललेलं होतं, तिथे भिंती पडूनही काही घरांचं छत उभं राहिलं. जुन्या सुताराच्या हाताचं मोल तिथे दिसलं.

पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं. जास्त पडझड झालेली गावं नव्या जागी वसली आणि इतर गावांत सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाती घेतलं गेलं. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेमार्फत गावातल्या बायका 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. भिंतीत आरपार दगड का हवा, छतावरची माती का कमी करायची, सिमेंट किती लागतं, हे त्या शिकल्या आणि घरोघरी सांगू लागल्या. ज्या घरात त्यांना फक्त सारवायचा हक्क होता, त्या घराच्या बांधकामाबद्दल त्या मिस्त्रीला प्रश्न विचारू लागल्या.

मला यातून दोन गोष्टी उमगल्या. एक, कामाची माहिती असलेली बाई फसत नाही आणि उगाच घासाघीसही करत नाही. कुठलं बिजागर, किती वेळ, सामान कुणाचं, हे आधी विचारून भाव ठरवावा आणि ठरलेला भाव हातचं न राखता द्यावा. दोन-तीन बारीक कामं साठवून एकाच खेपेत सांगावीत, म्हणजे त्याची फेरी वाचते आणि आपले पैसेही.

दुसरी गोष्ट आपल्या धर्माची. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अणुव्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अहिंसेत अतिभारारोपण येतं, म्हणजे शक्तीपेक्षा जास्त भार लादणं. अचौर्यात हीनाधिक मानोन्मान येतं, म्हणजे देताना माप लहान आणि घेताना मोठं. आपण हे वाण्याच्या तराजूपुरतं समजतो. खळ्यावर बलुत्याची पायली भरताना हात आखडला असेल, तर तो अतिचारच होता. माझे ते दीडशे रुपयेही त्याच मापातले.

क्षमावाणीच्या दिवशी आपण नातेवाईकांना, शेजाऱ्यांना फोन करून 'उत्तम क्षमा' म्हणतो. यंदा मी सुतारदादांना फोन केला. आधी त्यांना वाटलं, कडी पुन्हा निखळली. मी म्हटलं, "नाही दादा, कडी पक्की आहे. माझंच माप चुकलं होतं. दीडशे रुपये राहिलेत, घेऊन जा." ते हसले आणि म्हणाले, "राहू द्या ताई, पुढच्या कामात बघू." मी राहू दिले नाहीत.

जय जिनेंद्र.