चळ: सैलानीची होळी आणि मेंदूतली चाल

चळणे म्हणजे जागचे हलणे. बुद्धी चळते, भीतीने माणूस चळचळा कापतो आणि उतारवयात भान सुटलेल्याला म्हातारचळ लागला म्हणतात. मन ढळणे आणि अंग हलणे या दोन्हींसाठी मराठीने एकच धातू वापरला. बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. तिथली जुनी प्रथाही याच समजुतीवर उभी आहे. होळीच्या यात्रेत तिथे नारळांची होळी पेटते. रोग्यावरून उतरवलेले नारळ आणि त्याच्या अंगावरचे कपडे आगीत टाकले जातात. हिंदू आणि मुसलमान, दोन्हीकडची कुटुंबे 'बाहेरचे लागलेले' आपले माणूस घेऊन परराज्यांतूनही येतात. तिथे कुणी रोग्याला काय आठवते ते विचारत नाही. त्याच्या अंगाकडे पाहतात. घुमणे, थरथरणे, लोळण घेणे या तिथे बाधेच्या खुणा ठरतात. कारण शोधण्यात ही प्रथा पूर्ण चुकली, पण मनाचा आजार अंगाच्या हालचालीत उतरतो हे तिने नेमके हेरले होते, असे माझे मत आहे. वैद्यकाने हीच गोष्ट अल्झायमरच्या बाबतीत बराच काळ बाजूला ठेवली.

आलोइस अल्झायमर यांनी 1906 साली ट्यूबिंगेनला जी रुग्णकथा मांडली, ती ऑगस्टे डेटर या बाईंची. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आल्या तेव्हा त्या 51 वर्षांच्या होत्या. त्यांची विस्मृती आणि संशय पुढे जगभर सांगितले गेले. शेवटी त्या पाय पोटाशी ओढून अंथरुणात पडून असत, हीदेखील त्याच टिपणातली नोंद आहे. या नोंदीकडे मात्र फारसे कुणी पाहिले नाही. मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी 1910 साली आजाराला अल्झायमरचे नाव दिले. पुढे हा आजार म्हणजे विसरभोळेपणाचा आजार, अशीच त्याची ओळख रुळली.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की हे दुर्लक्ष नव्हते, ती शिस्त होती. 1984 च्या निदान-निकषांनी स्पष्टच म्हटले की सुरुवातीलाच चाल बिघडली असेल तर अल्झायमरची शक्यता कमी धरावी. मेंदूचे अभ्यासक ब्राक दांपत्याने 1991 मध्ये दाखवलेला क्रमही तसाच आहे: टाऊ प्रथिनाच्या गाठी आधी स्मृतीच्या भागांत होतात आणि स्नायूंना थेट आज्ञा देणारा पट्टा अगदी शेवटपर्यंत बराचसा वाचतो. हा आक्षेप मला निम्माच पटतो. चालणे एकट्या त्या पट्ट्याचे काम नाही. पुढचे पाऊल कुठे टाकायचे, उंबरठा किती उंच, वळताना तोल कसा राखायचा हे कपाळामागचा भाग, मेंदूचा वरचा मागचा भाग, खोलवरची केंद्रके आणि त्यांना जोडणारे पांढरे तंतू मिळून ठरवतात. लक्ष टिकवणारी अ‍ॅसिटिलकोलीनची यंत्रणाही या आजारात लवकर खंगते. म्हणून बोलत बोलत चालताना रोगी थबकतो किंवा त्याची पावले विस्कळीत होतात. दीर्घ पाठपुराव्याच्या अभ्यासांत स्मृती ढासळण्याच्या काही वर्षे आधीच चाल मंदावलेली दिसली आहे. पुढे सदऱ्याची बटणे लावण्याची ओळखीची कृतीही हातांना जुळेनाशी होते, हातांत बळ असूनही. शिवाय म्हाताऱ्या मेंदूत एकच रोग क्वचितच असतो: रक्तवाहिन्यांचे बारीक घाव असतात, पार्किन्सनशी नाते सांगणाऱ्या ल्यूवी गाठी असतात. कंप आणि ताठरपणा बऱ्याचदा यांच्यामुळे येतो. म्हणजे 1984 चा निकष सावधगिरी म्हणून योग्यच होता. चूक झाली ती चाल पाहायचीच नाही असा त्याचा अर्थ लावण्यात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सैलानीच्या नजरेचे कौतुक म्हणजे अंधश्रद्धेची पाठराखण नव्हे का? तिथे येणाऱ्यांत तरुण मनोरुग्ण असतात, फेफऱ्याचे रोगी असतात आणि प्रथा या सगळ्यांना एकाच बाधेत गोळा करते. खूण दिसूनही तिचा भेद न करणे हाच त्या प्रथेचा सर्वांत मोठा दोष. तरीही लोक तिथे का जातात, हे बुलढाण्याहून नागपूरच्या मनोरुग्णालयाचे अंतर पाहिले की कळते: तीनशे किलोमीटरहून जास्त. मात्र अशा ठिकाणी रोग्याला साखळीने बांधून ठेवण्याचे समर्थन या अंतराने होत नाही. 6 ऑगस्ट 2001 ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण जळून मेले. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास बंदी घातली. वृद्धाच्या बाबतीत साखळीची हानी दुहेरी असते. बांधलेल्या पायांचे स्नायू थोड्याच दिवसांत झडतात, सांधे आखडतात. मग तो माणूस आजाराने अडखळतो की बांधून ठेवल्याने, हे कुठल्याच डॉक्टरला त्याच्या चालीवरून सांगता येत नाही.