इंग्रजी शब्दसंग्रह : उपयुक्त शब्दांची निवड

परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याने वाचायला, ऐकायला, बोलायला आणि लिहायला लागणारे शब्द ठरवून आत्मसात करणे म्हणजे शब्दसंग्रह वाढवणे. व्यवहारात याची ठरलेली रीत आहे : वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, रोज दहा शब्द पाठ. या वहीत चुकते ते शब्दांच्या निवडीत, संख्येत नव्हे. अवघड वाटलेला शब्द वहीत जातो, सोपा वाटलेला बाहेर राहतो. इंग्रजीत सर्वांत जास्त राबणारे शब्द मात्र नेमके हे ‘सोपे’ शब्दच असतात आणि एका मराठी अर्थात ते मावत नाहीत.

कोणता शब्द उपयुक्त, हे मोजून ठरवण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचा. छापील मजकुरातले शब्द मोजून त्यांनी 1921 मध्ये 10,000 शब्दांची यादी शिक्षकांच्या हाती दिली. त्याच दशकात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात काम करणाऱ्या मायकेल वेस्ट यांना वेगळाच प्रश्न पडला होता. बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही इंग्रजी पुस्तक वाचू शकत नव्हती. वेस्ट यांनी दोष मुलांना न देता वाचनमालांना दिला : त्यांत जुनाट, साहित्यिक शब्दांचा भरणा होता आणि नवे शब्द इतक्या दाटीने येत की आधीचा मुरायच्या आत पुढचा समोर उभा राही. त्यांनी पुस्तकांतले शब्द बदलले, नवे शब्द विरळ केले. पुढे 1953 मध्ये त्यांची सुमारे 2,000 मूळ शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ प्रसिद्ध झाली. सामान्य इंग्रजी मजकुरातले शंभरातले सुमारे ऐंशी शब्द एवढ्या यादीत सापडतात. लाखो शब्दांच्या भाषेत दोन हजारांनी इतके ओझे उचलावे, हा शिकणाऱ्याला मोठाच दिलासा आहे.

या यादीचे खरे वैशिष्ट्य मात्र सहसा नजरेआड होते. वेस्ट यांनी शब्दाबरोबर त्याच्या वेगवेगळ्या अर्थांचीही वारंवारता टक्क्यांत दिली. शब्द जितका वापरातला, तितके त्याचे अर्थ जास्त आणि तितकीच त्याच्या सोबत्यांची ओढ जास्त. ‘टेक = घेणे’ असे वहीत लिहिले, की निम्मे काम झाल्यासारखे वाटते. औषध घेणे, शपथ घेणे इथे ते जुळतेही. पण मराठी विद्यार्थी परीक्षा ‘देतो’, इंग्रजीत तो ती ‘टेक’ करतो. फोटो मराठीत ‘काढतात’, इंग्रजीत पुन्हा ‘टेक’. उलट बाजूने पाहिले तर मराठी ‘काढणे’ इंग्रजीत जागोजागी फुटते : चित्र काढायला ‘ड्रॉ’, बँकेतून पैसे काढायला ‘विथड्रॉ’, बूट काढायला ‘टेक ऑफ’. ‘करणे’चेही तेच. चूक करण्याला ‘मेक’ लागते, गृहपाठ करण्याला ‘डू’. इथे अडणाऱ्याला एकही शब्द अनोळखी नसतो. अनोळखी असते ती शब्दांची जोडी. म्हणून वहीत ‘टेक’ एकटा न लिहिता ‘टेक अ‍ॅन एक्झाम’ असा जोडीने लिहिणे बरे.

नेहमीच्या दोन हजार शब्दांवर असा भर देण्यावरचा पहिला आक्षेप रास्त आहे. ऐंशी टक्के शब्द कळले म्हणजे पाचातला एक कळला नाही, आणि वाक्याचा आशय बहुतेक वेळा त्या एकातच दडलेला असतो. पॉल नेशन यांनी 2006 मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, छापील मजकुरातले 98 टक्के शब्द ओळखीचे व्हायचे तर 8,000 ते 9,000 शब्दकुले (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुल) लागतात. तेव्हा कुठे अनोळखी शब्दाचे प्रमाण पन्नासांत एक होते. म्हणजे दोन हजारांवर थांबून भागत नाही. पण त्यापुढची वाट सर्वांची सारखी नसते. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनातून 570 शब्दकुले निवडली. ‘अ‍ॅनलाइज’, ‘कन्सेप्ट’, ‘मेथड’, ‘एव्हिडन्स’ या जातीची. शास्त्रीय व शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा भाग ती व्यापतात, कथा-कादंबऱ्यांत मात्र जेमतेम 1.4 टक्के. म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्याला सोन्यासारखी असलेली यादी कादंबरीच्या वाचकाला जवळपास निरुपयोगी.

दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षांचा. तिथे समानार्थी-विरुद्धार्थी शब्द विचारतात, तेही आडवळणाचे; मग ‘टेक’ आणि ‘गेट’ घोटून काय उपयोग? ही गरज खोटी नाही. नॉर्मन लुइस यांचे 1949 चे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ भारतात अजूनही खपते ते उगीच नव्हे. लॅटिन-ग्रीक धातू धरून शब्दांचा गुच्छ एकदम लक्षात ठेवण्याची त्यातली युक्ती विरळ शब्दांसाठी खरोखर उपयोगी पडते. मात्र ती गरज परीक्षेच्या हॉलपुरती आहे. आडवळणाचे पाचशे शब्द पाठ असलेल्या माणसाचा साधा ई-मेल जेव्हा अडखळतो, तेव्हा तो बहुधा ‘मेक’ की ‘डू’ इथेच अडखळतो. शिवाय यादी वेस्ट यांची असली तरी ती देववाणी नव्हे : तिच्यात ‘कम्प्यूटर’ नाही, आणि म्हणूनच 2013 मध्ये ब्राउन, कलिगन व फिलिप्स यांनी सुमारे 2,800 शब्दांची नवी यादी केली.

पाठांतर कालबाह्य झाले, शब्द वाचनातून आपोआप यावेत, मराठी अर्थ तर मध्ये आणूच नये, असेही म्हटले जाते. मुबलक वाचणाऱ्याला हे चालेल. पण ज्याच्या वाट्याला इंग्रजीचा दिवसाकाठी एकच तास येतो, त्याला एकच शब्द पुरेसा वारंवार भेटायला फार काळ लागेल. तिथे मराठी अर्थ हा सर्वांत जवळचा रस्ता आहे. तो दार उघडतो, घर दाखवत नाही एवढेच. हरमान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवले होते की एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते. 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनर यांनी त्यावर शब्दकार्डांसाठी कप्प्यांची पेटी सुचवली : आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाऊन उशिरा परत येते, विसरलेले पहिल्या कप्प्यात येऊन पडते. वहीत ही सोय नसते. तिथे पाठ झालेला शब्द आणि विसरलेला शब्द एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात.

मराठी भाषकाजवळ एक भांडवल आधीच असते. शेकडो इंग्रजी शब्द त्याच्या तोंडी रुळलेले असतात, त्यामुळे ते वहीत कधीच जात नाहीत. त्यांतले बरेच मात्र मराठीत येऊन अर्थ बदलून बसले आहेत. आपण मिसळ खायला ‘हॉटेलात’ जातो. इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा, खायला जायचे ते रेस्टॉरंटमध्ये. ‘फॅमिलीला घेऊन आलो’ म्हणणाऱ्याबरोबर अनेकदा एकटी बायकोच असते. आणि ‘लाइट गेली’ याचे शब्दाला शब्द लावून इंग्रजी केले, तर ऐकणारा खिडकीबाहेर बघून दिवस मावळला का ते पाहील. पंखा बंद पडलाय, हे त्याला ‘पॉवर’ म्हटल्याशिवाय कळत नाही.