नर्मदेच्या कागदांतले पंतप्रधान

सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावे आली. सगळी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. धरण गुजरातेत, पण या डोंगरांचे भवितव्य दिल्लीत ठरत गेले. एखादा पंतप्रधान राज्य कसे करतो हे त्याच्या भाषणांपेक्षा या धरणाच्या कागदांत अधिक स्वच्छ दिसते.

इंदिरा गांधींच्या सरकारने ऑक्टोबर १९६९ मध्ये नर्मदेच्या पाण्याचा राज्यांमधला वाद सोडवायला नर्मदा लवाद नेमला. पुढे या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांच्या मदतीने तडजोड करायचे ठरवले आणि १२ जुलै १९७४ रोजी चार राज्यांचा करार झाला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला पाव दशलक्ष एकर-फूट पाणी आले. तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते. धरणाची उंची मात्र करारात ठरली नाही, ती लवादाकडे गेली. किती गावे बुडणार हे तर उंचीवरच अवलंबून होते! जे वाटून घेता येत होते ते राजकारण्यांनी वाटले, जे जड होते ते न्यायाधीशांवर सोपवले. डिसेंबर १९७९ च्या निवाड्याने उंची ४५५ फूट धरली. पण पुनर्वसनाची व्यवस्था झाल्याशिवाय जमीन बुडवायची नाही, अशी अटही घातली.

नरसिंह रावांनी वेगळी वाट धरली. मार्च १९९३ मध्ये त्यांच्या सरकारने जागतिक बँकेचे उरलेले कर्ज नाकारले, धरण मात्र चालू ठेवले. ऑगस्टमध्ये धरणविरोधी आंदोलकांकडून जलसमर्पणाचा इशारा आला, तेव्हा पाच जणांचा अभ्यासगट नेमला. वेळ काढणे हीच त्यांची रीत होती, असे माझे मत आहे.

सर्वांत महत्त्वाचा कागद १८ ऑक्टोबर २००० चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. धरणाच्या कामावरच्या आढावा समितीत एकमत झाले नाही तर प्रश्न पंतप्रधानांकडे जावा आणि त्यांचा निर्णय अंतिम असावा, असे त्यात म्हटले आहे. ही वेळ मनमोहन सिंगांवर आली. २००६ च्या मार्चमध्ये उंची ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली. वाद मुख्यतः मध्य प्रदेशातल्या पुनर्वसनाचा होता, पण पाणी अक्राणीतही चढणार होते. त्यांनी तीन मंत्री खोऱ्यात पाठवले. पुनर्वसन कागदावर आहे तसे जमिनीवर नाही, असे मंत्र्यांनी कळवले. मग पुनर्वसन तपासायला शुंगलू गट नेमला गेला, आणि जुलैमध्ये पंतप्रधानांनी काम थांबवायचे नाही असे ठरवले. चौकशी प्रामाणिक होती, निष्कर्ष तिच्याशी जुळत नाही.

नरेंद्र मोदींनी २६ मे २०१४ ला शपथ घेतली. १२ जूनला उंची पूर्ण करायची परवानगी निघाली, अवघ्या सतरा दिवसांत. १७ सप्टेंबर २०१७ ला त्यांनी धरण राष्ट्राला अर्पण केले.

कोणी वाटाघाट केली, कोणी वेळ काढला, कोणी तपासले, कोणी झपाटा दाखवला. १९७९ ची अट मात्र त्यानंतरच्या प्रत्येकाच्या टेबलावर होती आणि उंचीपुढे ती दर वेळी मागे पडली. १९७४ चा करार, १९७९ चा निवाडा आणि २००० चा निकाल अक्राणीतल्या धडगावच्या शाळांत मराठीत, भिली-पावरीत वाचले जावेत. ज्यांची जमीन गेली, त्यांच्या नातवंडांचा त्यांवर पहिला हक्क आहे.