राणीच्या कोठारातले कथील

कल्हईवाल्याच्या हातातली कथलाची कांडी आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. याच धातूपायी इंग्लंडची राणी अ‍ॅन 1703 मध्ये घाऊक व्यापारी झाली आणि तिचा माल खपवण्याची जबाबदारी टांकसाळीचा प्रमुख आयझॅक न्यूटन याच्यावर आली!

हे कथील कॉर्नवॉलचे. तेथील नियम असा, की वितळवलेली प्रत्येक लादी ठरावीक गावी नेऊन तिचा कोपरा कापायचा, धातूचा कस पाहायचा, हंड्रेडवेटमागे 4 शिलिंग कर भरायचा आणि शिक्का बसल्यावरच ती विकायची. ही तपासणी वर्षातून मोजक्याच वेळा होई. मधल्या महिन्यांत मजुरी आणि धान्य यांसाठी खाणवाले व्यापाऱ्यांकडून उचल घेत आणि तिच्या बदल्यात आपले कथील पडत्या भावाने त्यांच्याच पदरात घालत.

कथील सर्वांआधी विकत घेण्याचा राजघराण्याचा हक्क जुनाच होता. अ‍ॅनच्या सरकारने तो वापरला: सात वर्षे, दरसाल 1600 टन, हंड्रेडवेटला 3 पौंड 10 शिलिंग. म्हणजे वर्षाला लाखाहून अधिक पौंडांची बांधिलकी, तीही स्पेनच्या वारसायुद्धाने खजिन्याला ओढ लागलेली असताना.

एवढे औदार्य कशासाठी? कॉर्नवॉलमधून पार्लमेंटवर तब्बल 44 सदस्य निवडून जात आणि खजिन्याचा सूत्रधार गोडॉल्फिन स्वतः तिथल्याच खाणमालक घराण्यातला. माझ्या मते हा करार व्यापारापेक्षा मतांचाच अधिक होता.

घोडे अडले ते खपापाशी. खरेदीचे प्रमाण कागदावर बांधलेले, गिऱ्हाईक मात्र मोकळे. भाव उतरवावा तर प्रत्येक लादीवर तोटा. चढा ठेवावा तर माल पडून, आणि त्यात पैसा अडकलेला. त्यातच डच व्यापारी पूर्वेकडचे कथील युरोपात आणत होते. टॉवर ऑफ लंडनमध्ये लाद्यांचा ढीग वाढत गेला. पदार्थांचे गुरुत्वाकर्षण गणितात बसवणाऱ्या न्यूटनला हा साठा काही हलवता येईना.

तरीही 1710 मध्ये कराराला आणखी सात वर्षांची मुदतवाढ मिळाली, कारण तो मोडणे म्हणजे कॉर्नवॉलचा रोष ओढवून घेणे. 1717 मध्ये मात्र तो संपू दिला गेला. कोपरे कापून कर घेण्याची पद्धत तेवढी 1838 पर्यंत सुरूच राहिली.