चेऊल बंदर आणि आपण

आपल्या समाजात चेऊलकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर अशी आडनावे आहेत. इस्रायलमध्ये जन्मलेली मुले विचारतात, "हे चेऊल कुठे आहे?" त्यांना सांगता यावे म्हणून हा लेख.

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर कुंडलिका नदी समुद्रास मिळते. खाडीच्या उत्तरेस रेवदंडा व त्याला लागून चेऊल, म्हणजेच चौल. समोर दक्षिणेस कोर्लईचा डोंगर. खाडीत गलबतांना आसरा मिळे आणि माल घाटावर जाई. त्यामुळे येथे मोठे बंदर झाले.

इ. स. च्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने 'सिमुल्ला' म्हटले ते हेच, असे विद्वान मानतात. अरब त्यास 'सैमूर' म्हणत. तेराव्या शतकातील लेखक कझवीनी, दहाव्या शतकातील प्रवासी मिसर इब्न मुहलहिल याच्या आधारे लिहितो की, सैमूरला मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी व अग्निपूजक राहत आणि प्रत्येकाची प्रार्थनास्थळे होती.

हे वाचून कोणालाही वाटेल, 'हेच आपले पूर्वज!' पण घाई करू नये. ते यहुदी इराणी आखातातून आलेले व्यापारीही असू शकतील. आपल्या वाडवडिलांची कथा नवगावची आहे: फुटलेले जहाज, वाचलेले सात पुरुष व सात स्त्रिया. नवगाव अलिबागच्या उत्तरेस आहे. त्या कथेत चेऊलच्या बाजारपेठेचे नाव नाही आणि कझवीनीच्या मजकुरात शनवार तेल्यांचा घाणा नाही. मात्र पश्चिमेची जहाजे या किनाऱ्यावर नेहमी येत, एवढे निश्चित. त्यामुळे आपली कथा अशक्य कोटीतील ठरत नाही.

पुढे १५२१ साली पोर्तुगीजांनी रेवदंड्यास किल्ला बांधावयास घेतला. १७४० साली तो मराठ्यांकडे आला. तोवर व्यापार सुरतेकडे व मुंबईकडे वळला होता, खाडीही गाळाने भरत गेली. आपले लोकही मुंबईस गेले व तेथे १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी आपली पहिली मशीद बांधली. पण गावाकडची वस्ती संपली नव्हती; रेवदंड्यास १८४२ साली 'बेथ एल' उभे राहिले.

वाचकहो, मुलांना नवगावची कथा जरूर सांगा, सैमूरचा उल्लेखही सांगा. फक्त वडिलांकडून ऐकलेले कोणते आणि लिहून ठेवलेले कोणते, हे वेगवेगळे सांगा. उद्या कोणी पुरावा विचारला तर त्यांना खाली पाहावे लागू नये.